एलईसीच्या उजेडाने ऑक्सिजन मोजणे: घट बनवण्यापासून कॅलिब्रेशनपर्यंत

दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये एकच पातळ थर, आणि त्या थरात प्रकाश देणारा पदार्थ व हलू शकणारे आयन एकत्र मिसळलेले. लाइट-एमिटिंग इलेक्ट्रोकेमिकल सेलची, म्हणजे एलईसीची, रचना एवढीच आहे. पुढे ‘घट’ म्हटले आहे तो हाच सेल. द्रावणातून पसरवता येतो, छापता येतो, काचेइतका चपटा असतो आणि तीन-चार व्होल्टवर चालतो. असा प्रकाशस्रोत रासायनिक संवेदक बनवणाऱ्याला आवडला नाही तरच नवल. पण त्याची एक सवय आधी नीट समजून घ्यावी लागते: त्याचा उजेड आपणहून बदलत राहतो. सुरू केल्यावर तो हळूहळू चढतो, काही काळ टिकतो आणि मग उतरू लागतो. संवेदकाचा सगळा तर्क मात्र ‘उजेड बदलला, म्हणजे रसायन बदलले’ असा असतो. त्यामुळे स्रोताचा बदल आणि रसायनाचा बदल वेगळे कसे काढायचे, याचा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो. घट बनवून झाल्यावर तो प्रश्न हातात घेतला, तर बहुतेक वेळा सगळे पुन्हा बनवावे लागते. खालच्या पायऱ्या त्या हिशेबाने लावल्या आहेत.

उदाहरण म्हणून ऑक्सिजन घेतला आहे. ऑक्सिजनमुळे ज्याची चमक बदलते असे रंगद्रव्य सहज मिळते, ही क्रिया उलटसुलट होते आणि नायट्रोजन व हवा एवढ्या दोन वायूंवर पहिली चाचणी करता येते.

घटाच्या आत काय चालते

ही रचना १९९५ साली छिबिंग पेई, अ‍ॅलन हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. हीगर हे वाहक पॉलिमरच्या शोधासाठी २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळालेल्या तिघांपैकी एक. त्यांच्या घटात प्रकाश देणारे पॉलिमर, पॉलिइथिलीन ऑक्साइड आणि लिथियमचे क्षार असे मिश्रण होते.

व्होल्टेज दिले की आयन हलतात. ऋण आयन धन इलेक्ट्रोडकडे आणि धन आयन ऋण इलेक्ट्रोडकडे सरकतात. त्यांचे दाट थर इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाशी जमले की पॉलिमरमध्ये विद्युतभार शिरणे सोपे होते. म्हणूनच एलईसीला कॅल्शियमसारखा हवेत टिकत नसलेला धातू लागत नाही, साधे अ‍ॅल्युमिनियम चालते. पुढे धन इलेक्ट्रोडच्या बाजूने पॉलिमरचे ऑक्सिडेशन होते, म्हणजे तो पी-प्रकारचा होतो. ऋण बाजूला क्षपण होऊन तो एन-प्रकारचा होतो. हे दोन भाग एकमेकांकडे वाढत येतात आणि मध्ये उरलेल्या अरुंद पट्ट्यात प्रकाश निघतो.

हे डोळ्यांनी बघता येते, आणि ज्याला एलईसीवर काम करायचे आहे त्याने ते एकदा तरी बघावे. काचेवर शेजारी-शेजारी दोन इलेक्ट्रोड ठेवून मध्ये मिलिमीटरभर अंतर सोडायचे, वर हे मिश्रण पसरवायचे आणि अतिनील दिव्याखाली व्होल्टेज द्यायचे. आधी सगळी फिल्म चकाकत असते. मग एका इलेक्ट्रोडपासून काळोखी पसरू लागते, थोड्या वेळाने दुसऱ्याकडूनही. भार शिरलेल्या पॉलिमरची चमक विझते, म्हणून तो भाग काळा दिसतो. काळोखीची टोके सरळ रेषेत येत नाहीत; वेडीवाकडी बोटे फुटल्यासारखी पुढे सरकतात. दोन्हीकडची बोटे जिथे भेटतात तिथे प्रकाशाची नागमोडी रेघ उमटते. इतक्या रुंद अंतरात आयनांना हलायला वेळ लागतो, म्हणून अशा घटाला बऱ्याचदा जास्त व्होल्टेज आणि थोडी ऊबही द्यावी लागते. १०० नॅनोमीटरच्या थरात हीच गोष्ट सेकंदांत किंवा मिनिटांत उरकते, पण घडते हेच. उजेड का चढतो, मग का उतरतो आणि तापमान वाढले की सगळे वेगाने का होते, याची उत्तरे या चित्रात आहेत.

पायरी १: घटाला दिवा करायचे की नाक, ते ठरवा

एलईसी संवेदकात दोन प्रकारे बसवता येतो. पहिल्यात घट हवाबंद असतो आणि फक्त उजेड देतो. रसायनाला प्रतिसाद देते ती शेजारची रंगद्रव्याची फिल्म. दुसऱ्यात घटाचा थरच वायूला किंवा वाफेला उघडा ठेवतात आणि त्याचा करंट किंवा उजेड कसा बदलतो ते बघतात.

माझे मत स्पष्ट आहे: सुरुवात पहिल्या प्रकाराने करा. ऑक्सिजन आणि पाणी या दोन गोष्टी एलईसीच्या सगळ्यात मोठ्या शत्रू आहेत. रुथेनियम ट्रिस-बायपिरिडिनच्या घटात पाण्याचा अंश राहिला, तर चालू घटातच नवे संयुग तयार होते आणि ते प्रकाश विझवते. ज्याने घट मरतो तेच त्या घटाने मोजायचे, हा मार्ग अवघड आहे. दुसऱ्या प्रकाराबद्दल शेवटी लिहिले आहे.

पायरी २: आधी रंगद्रव्य निवडा, मग घटाचा रंग

हा क्रम बरेच जण उलटा लावतात. हाताशी असलेला घट घेतात आणि मग त्याला जुळणारे रंगद्रव्य शोधत बसतात. रंगद्रव्यांचे पर्याय मोजके असल्यामुळे तिथून सुरुवात केलेली बरी.

ऑक्सिजनसाठी प्लॅटिनमची पोर्फिरिन नेहमीची. प्लॅटिनम ऑक्टाइथाइल पोर्फिरिन जुने आणि चांगले, पण उजेडात लवकर झिजते. फ्लोरिनयुक्त प्लॅटिनम पोर्फिरिन, ज्याला प्रयोगशाळेत सगळे पीटी-टीएफपीपी म्हणतात, उजेडाला बरेच जास्त टिकते. ते ३९० नॅनोमीटरच्या आसपास खूप आणि ५४० च्या आसपास बऱ्यापैकी प्रकाश शोषते, आणि ६५० नॅनोमीटरला लाल फॉस्फरसन्स, म्हणजे स्रोत विझल्यावरही क्षणभर रेंगाळणारा उजेड, देते. ऑक्सिजन नसताना या उजेडाचे आयुष्य, म्हणजे तो विझत जायला लागणारा वेळ, सुमारे ६० मायक्रोसेकंद असते. ऑक्सिजनचा रेणू येऊन धडकला की उत्तेजित रंगद्रव्याची ऊर्जा तो घेऊन जातो. उजेड कमी होतो आणि त्याचे आयुष्यही घटते.

५४० ला शोषण म्हणजे हिरवा-पिवळा घट चालेल. त्यासाठी ‘सुपर यलो’ या नावाने विकले जाणारे पॉलिमर सोयीचे आहे. त्याचा प्रकाश ५५० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो आणि त्याच्या घटांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. अडचण एकच, पण मोठी: त्याचा पट्टा रुंद आहे आणि शेपूट ६५० च्याही पुढे जाते. म्हणजे रंगद्रव्याचा क्षीण लाल उजेड जिथे मोजायचा, तिथेच घटाचा स्वतःचा लाल उजेडही हजर असतो. यावर फिल्टर आणि वेळेची युक्ती असे दोन उपाय आहेत. दोन्ही पुढे येतील. तिसरा उपाय म्हणजे ७७० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देणारे प्लॅटिनमचे बेंझोपोर्फिरिन घेणे. ते ६१५ च्या आसपास शोषते, म्हणजे सुपर यलोचे शेपूटच त्याला उपयोगी पडते, आणि मोजायचा प्रकाश घटाच्या पट्ट्यापासून दूर जातो.

निळे एलईसी ३९० नॅनोमीटरच्या मोठ्या शोषणाकडे झुकतात म्हणून आकर्षक वाटतात. पण निळे घट अजून कमजोर आणि अल्पायुषी आहेत. संवेदकाच्या कामाला ते घेऊ नयेत.

पायरी ३: घट बनवणे

इंडियम टिन ऑक्साइडचा लेप असलेली काच साबणाचे पाणी, शुद्ध पाणी, अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपनॉल या क्रमाने अल्ट्रासोनिक टबमध्ये प्रत्येकी १० ते १५ मिनिटे धुवा. नायट्रोजनच्या झोताने वाळवा आणि १५ मिनिटे यूव्ही-ओझोनमध्ये ठेवा. त्यावर पीडॉट-पीएसएस हे वाहक पॉलिमर ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून, मिनिटाला ४००० फेऱ्यांवर मिनिटभर स्पिन करा, म्हणजे काच फिरवून पातळ पसरवा, आणि १२० ते १५० अंशांवर अर्धा तास भाजा. सुमारे ४० नॅनोमीटरचा थर मिळतो. इथून पुढचे सगळे काम ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीत, ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही १ पीपीएमच्या खाली.

शाईत तीन घटक असतात: सुपर यलो, आयन विरघळवणारे टीएमपीई नावाचे लहान साखळीचे इथॉक्सिलेट आणि लिथियम ट्रायफ्लेट. वजनाचे १ : ०.१ : ०.०३ हे प्रमाण चांगले रुळलेले आहे. तिन्ही सायक्लोहेक्झॅनोनमध्ये वेगवेगळे विरघळवा. सुपर यलो ८ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, बाकीचे दोन १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. आता १ मिलिलिटर सुपर यलोत ८ मिलिग्रॅम पॉलिमर आहे, म्हणजे ०.८ मिलिग्रॅम टीएमपीई हवे, ते ८० मायक्रोलिटरमध्ये आले, आणि ०.२४ मिलिग्रॅम क्षार हवा, तो २४ मायक्रोलिटरमध्ये आला. क्षाराचा आकडा किती लहान आहे ते बघा. पिपेटने ५ मायक्रोलिटर इकडेतिकडे झाले तर आयनांचे प्रमाण २० टक्क्यांनी बदलते, आणि पुढचा घट मागच्यासारखा वागत नाही. म्हणून एकदम जास्त शाई बनवावी आणि एका मालिकेतले सगळे घट त्याच शाईचे करावेत. लिथियम ट्रायफ्लेट हवेतले पाणी पटकन ओढते; तो आधी निर्वातात तापवून वाळवला नाही, तर ग्लव्हबॉक्सचा सगळा खटाटोप वाया जातो.

सुपर यलो विरघळायला चिवट आहे. ७० अंशांवर रात्रभर ढवळत ठेवा. मिश्रण २००० फेऱ्यांवर मिनिटभर स्पिन करा आणि ७० अंशांवर किमान तासभर वाळवा. थर १०० ते १५० नॅनोमीटरचा यावा. थोडा जाड झाला म्हणून एलईसी बिघडत नाही. पातळ मात्र करू नका, कारण मग धुळीच्या एका कणानेही शॉर्ट होतो. शेवटी निर्वातात मास्कमधून १०० नॅनोमीटर अ‍ॅल्युमिनियम चढवा.

मास्कचा आकार ठरवताना मोह आवरा. संवेदकासाठी २ × २ मिलिमीटरचे ठिपके पुरतात. मोठा ठिपका जास्त उजेड देतो हे खरे, पण त्याची धारिता वाढते आणि तो झटकन विझवता येत नाही. ४ चौरस मिलिमीटर, १०० नॅनोमीटर जाडी आणि साडेतीनच्या आसपासचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक धरला तर धारिता साधारण १.२ नॅनोफॅरड येते. चालू घटात भार नसलेला पट्टा अरुंद होतो, त्यामुळे ती काही पट वाढते. एक चौरस सेंटिमीटरचा ठिपका केला की तो आकडा थेट २५ पट होतो.

एकच मोठा ठिपका करण्यापेक्षा चार लहान ठिपके चौकात मांडा आणि मधली जागा धातूविना मोकळी सोडा. त्या मोकळ्या जागेमागे फोटोडायोड, म्हणजे उजेड मोजणारा घटक, बसवायचा आहे.

पायरी ४: हवाबंद करणे, आणि ते खरेच झाले का हे तपासणे

घटावर दुसरी पातळ काच ठेवून कडेने यूव्हीवर घट्ट होणारे इपॉक्सी लावा. इपॉक्सी प्रकाश देणाऱ्या ठिपक्यापासून दोन-तीन मिलिमीटर तरी लांब असावे. ते कडक करताना घटावर यूव्ही पडू देऊ नका; ठिपक्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा झाकला तरी भागते.

मग ही चाचणी करा. रंगद्रव्याची फिल्म न लावता घट वायूच्या कुपीत ठेवा, चालू करा, उजेड स्थिरावू द्या आणि १० मिनिटे नायट्रोजन, १० मिनिटे हवा अशी अदलाबदल चार-पाच वेळा करा. उजेडाच्या आलेखावर वायू बदलल्याची खूणसुद्धा दिसता कामा नये. हवा सोडल्यावर रेघ खाली वाकली आणि नायट्रोजनवर पूर्ववत झाली नाही, तर हवा आत शिरते आहे. रेघ वाकून पुन्हा वर आली, तर बहुधा वायूच्या झोताने घट थंड होतो आहे. प्रवाह कमी करा. कोऱ्या घटाची ही चाचणी वगळून काढलेल्या कुठल्याही ऑक्सिजन-आलेखावर विश्वास ठेवू नये, मग तो कितीही सुबक असो.

पायरी ५: घटाला करंट द्या, व्होल्टेज नाही

स्थिर व्होल्टेज दिले तर भारित भाग वाढत जातात, करंट चढत राहतो आणि घट लवकर संपतो. स्थिर करंट दिला तर घट स्वतःच व्होल्टेज खाली आणतो. ठिपका ०.०४ चौरस सेंटिमीटरचा आहे. चौरस सेंटिमीटरला ७.५ मिलिअँपिअर धरले तर ०.३ मिलिअँपिअर झाले. सुरुवातीला व्होल्टेज बरेच वर असते, मग घसरत तीन-चार व्होल्टच्या आसपास सपाट होते. ही घसरण म्हणजे घट तब्येतीने ठीक असल्याची खूण. व्होल्टेज घसरण्याऐवजी चढत गेले, तर आयन कमी पडले आहेत, थर ओला राहिला आहे किंवा इलेक्ट्रोडचा स्पर्श नीट नाही. तो घट पुढच्या कामाला घेऊ नका.

व्होल्टेज सपाट होईपर्यंत एकही मोजमाप नोंदवायचे नाही. दर वेळी घट सुरू केल्यावर हे करावे लागते, कारण बंद केल्यावर आयन पुन्हा पसरतात आणि मधली रचना मोडते.

यातूनच एक सोयीची गोष्ट निघते. आयन संथ असतात, इलेक्ट्रॉन वेगवान. एकदा रचना तयार झाली की मिलिसेकंदाहून कमी वेळ घट विझवला, तर आयनांना ते कळतही नाही. त्यामुळे तयार झालेला घट १००० हर्ट्झच्या आसपासच्या चौकोनी लहरीवर बिनधास्त चालवता येतो. असा ठोक्याठोक्याने चालवलेला घट अनेकदा जास्त टिकतोही. आपल्याला तर ठोके हवेच आहेत.

पायरी ६: रंगद्रव्याची फिल्म

१ मिलिग्रॅम पीटी-टीएफपीपी, १०० मिलिग्रॅम पॉलिस्टायरीन, १ मिलिलिटर टोल्युइन. २५ × २५ मिलिमीटरच्या वेगळ्या काचेवर यातले सुमारे ७० मायक्रोलिटर पसरवले, तर वाळल्यावर सुमारे १० मायक्रोमीटरची फिल्म येते. रात्रभर अंधारात वाळवा. थेंब तसाच सोडला तर कडेला जाड कडे तयार होते. शक्य असेल तर पट्टीने ओढून सारखी फिल्म करा.

जाडीत देवाणघेवाण आहे. जाड फिल्म जास्त उजेड देते, पण ऑक्सिजनला आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. १० मायक्रोमीटरला काही सेकंद लागतात, २० ला त्याच्या चौपट. हवेतल्या बदलांसाठी पॉलिस्टायरीन छान. ऑक्सिजन अगदी थोडा असेल तर सिलिकोनसारखे जास्त झिरपू देणारे माध्यम लागते, पण त्यात रंगद्रव्य नीट विरघळत नाही आणि कण जमतात, हे लक्षात ठेवा.

फिल्म थेट घटाच्या काचेवर पसरवू नका. वेगळ्या काचेवर ठेवली की कोरी काच आणि रंगीत काच अदलाबदल करून बघता येते आणि फिल्म झिजली तर घट टाकावा लागत नाही.

पायरी ७: मांडणी आणि फिल्टर

घटाचा उजेड काचेतून पुढे जातो, फिल्मवर पडतो, फिल्मचा लाल उजेड सगळीकडे फाकतो. फोटोडायोड फिल्मच्या पलीकडे ठेवला तर घटाचा थेट उजेड त्याच्या तोंडावर येतो. त्यापेक्षा तो घटाच्या पाठीमागे, चार ठिपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवा. तिथे अ‍ॅल्युमिनियमच आडोसा करते आणि फिल्मचा परत येणारा लाल उजेड तेवढा मिळतो. काचेच्या आतून कडेपर्यंत वाहणारा घटाचा उजेड तरीही थोडा पोचतो. काचेच्या कडा काळ्या रंगवल्या तर तो बराच कमी होतो.

फोटोडायोडसमोर ६३० नॅनोमीटरच्या वरचेच जाऊ देणारा फिल्टर लावा. इथे एक खाचखळगा आहे. थरांचे बनवलेले फिल्टर तिरक्या किरणांसाठी आपली सीमा आखूड तरंगलांबीकडे सरकवतात, आणि एलईसीचा उजेड सगळ्या दिशांना जातो. कागदावर उत्तम दिसणारा फिल्टर म्हणून प्रत्यक्षात गळतो. रंगीत काचेच्या शोषक फिल्टरला हा दोष नसतो, पण काही स्वतःच मंद चमकतात. शोषक काच आणि थरांचा फिल्टर अशी जोडी बहुधा पुरेशी होते. किती गळते ते कोऱ्या काचेवर मोजून लिहून ठेवा.

दुसरा फोटोडायोड घटाच्या काचेच्या कडेला लावा. तो फक्त घटाचा उजेड बघेल. दोन्हींचे गुणोत्तर घेतले की घटाच्या चढउताराचा मोठा भाग निघून जातो, मात्र सगळा नाही. घट जुना होताना प्रकाशाचा पट्टा थरात थोडा सरकतो, त्यामुळे उजेडाचा रंगही किंचित बदलतो. मग ५४० ला रंगद्रव्याला पोचणारा वाटा आणि कडेच्या फोटोडायोडला दिसणारा एकूण उजेड यांचे नाते बदलते. गुणोत्तराला हे कळत नाही. म्हणून पुढची पायरी.

पायरी ८: उजेड किती हे सोडा, किती वेळ टिकतो ते मोजा

रंगद्रव्याच्या उजेडाचे आयुष्य घटाच्या तेजावर अवलंबून नसते. घट अर्धा मंदावला तरी आयुष्य तेच राहते. ज्या स्रोताचा उजेड सतत बदलतो, त्याच्यासाठी मोजायला यासारखी राशी नाही.

घट २०० मायक्रोसेकंद चालू, ४०० बंद असा चालवा. बंद करताना नुसता करंट तोडू नका. घटात साठलेला भार झिरपत राहतो आणि उजेडाला शेपूट राहते. एका ट्रान्झिस्टरने घटाची दोन्ही टोके जोडून भार काढून टाका. घटाच्या पॉलिमरचा स्वतःचा उजेड नॅनोसेकंदांत संपतो, त्यामुळे १५ मायक्रोसेकंदांनंतर जे उरते ते रंगद्रव्याचेच असायला हवे. फिल्टरमधून गळणारा उजेडही तोवर गेलेला असतो. सुपर यलोच्या शेपटाची अडचण इथे जवळजवळ सुटते.

१५ ते ५५ मायक्रोसेकंद ही पहिली खिडकी, ५५ ते ९५ ही दुसरी. शेवटची ३६० ते ४०० ही तिसरी खिडकी बाहेरच्या उजेडासाठी. ती दोन्हींमधून वजा करायची. मग

आयुष्य = ४० ÷ ln (पहिली ÷ दुसरी), इथे ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम

पहिल्या खिडकीत १००० आणि दुसरीत ५०० आले तर ४० भागिले ०.६९३, म्हणजे सुमारे ५८ मायक्रोसेकंद. एका ठोक्याचा संकेत क्षीण असतो, पण ६०० मायक्रोसेकंदांच्या आवर्तनात सेकंदाला १६०० हून जास्त ठोके बसतात. त्यांची बेरीज करा. फोटोडायोडचा अँप्लिफायर दोनेक मायक्रोसेकंदांत प्रतिसाद देणारा हवा. गेन वाढवत नेला की तो सुस्त होतो आणि आपण रंगद्रव्याऐवजी अँप्लिफायरचे आयुष्य मोजत बसतो. कोरी काच लावून तिन्ही खिडक्या सारख्या येतात का, हे बघितले की ही शंका मिटते.

पायरी ९: कॅलिब्रेशन

शुद्ध नायट्रोजन, मग ऑक्सिजन वाढवत हवेपर्यंत, मग त्याच टप्प्यांनी खाली. दर टप्प्याला आकडा स्थिर होऊ द्या. जाताना आणि येताना आकडे जुळले नाहीत तर फिल्म अजून ओली आहे किंवा आपण घाई करतो आहोत. मध्ये मध्ये नायट्रोजनवर परत या. शून्याचा आकडा सरकतो आहे का, हे सगळ्यात आधी तिथे दिसते.

स्टर्न-फोल्मर समीकरणानुसार ऑक्सिजन नसतानाचे आयुष्य भागिले आत्ताचे आयुष्य हे १ अधिक के (फिल्मचा स्थिरांक) गुणिले ऑक्सिजन एवढे असते. समजा नायट्रोजनमध्ये ६० मायक्रोसेकंद आले आणि २०.९ टक्के ऑक्सिजन असलेल्या कोरड्या हवेत २०. गुणोत्तर ३, म्हणजे के = २ ÷ २०.९ = ०.०९६. आता अनोळखी वायूत ३० आले तर गुणोत्तर २ आणि ऑक्सिजन १०.४ टक्के.

प्रत्यक्षात पॉलिमरमधली रेघ सरळ येत नाही, वरच्या टोकाला खाली वाकते. सगळे रंगद्रव्याचे रेणू ऑक्सिजनला सारखे उघडे नसतात म्हणून. दोन प्रकारच्या जागा धरणारे समीकरण बसवा; त्यासाठी किमान सहा-सात टप्पे हवेत. दोन बिंदूंवरून सरळ रेघ ओढणे फक्त पहिल्या अंदाजाला ठीक.

फिल्म टक्केवारी जाणत नाही, आंशिक दाब जाणते. १०१३ हेक्टोपास्कलला कोरड्या हवेत ऑक्सिजनचा वाटा सुमारे २१२ हेक्टोपास्कल असतो. हवेचा दाब उतरला की टक्के तेच राहून संवेदकाचा आकडा बदलतो. दाब सोबत नोंदवा. तापमान तर नोंदवाच, फिल्मला चिकटवलेल्या थर्मिस्टरने. चालू घट स्वतः थोडा तापतो, त्यामुळे खोलीचे तापमान फिल्मचे तापमान नसते. पूर्ण कॅलिब्रेशन निदान तीन तापमानांना करा.

पाण्यात मोजायचे असेल तर सोडियम सल्फाइटच्या द्रावणाने शून्य मिळते आणि हवा बुडबुडवलेल्या पाण्याने दुसरे टोक. २५ अंशांना अशा गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. घटाच्या कडा मात्र पाण्यात बुडू देऊ नका. इपॉक्सीतून वाफ झिरपतेच.

अखेरीस एकाच वायूत तासभर काहीही न बदलता नोंद ठेवा. त्या रेघेच्या थरथरीच्या तिप्पट बदल दिसायला जेवढा ऑक्सिजन लागतो ती आपली शोधमर्यादा. तासाभरात रेघ जेवढी सरकली ते वेगळे लिहा. थरथर जास्त ठोके मोजून कमी होते, सरकणे होत नाही.

घटालाच नाक करायचे असेल तर

द्रावकांच्या वाफा पॉलिमरमध्ये शिरल्या की थर मऊ होतो, आयन जास्त मोकळे होतात आणि करंट बदलतो. बाष्पही तेच करते. म्हणून उघडा घट वाफेला प्रतिसाद देतो हे खरे, पण टोल्युइन आहे की दमट हवा, हे तो एकट्याने सांगू शकत नाही. हा मार्ग धरायचाच असेल तर शेजारी-शेजारी इलेक्ट्रोडची रचना घ्या, जिथे थराचा सगळा पृष्ठभाग उघडा असतो. निष्क्रिय वायूतच वाफ मिसळा, आणि आर्द्रता दर वेळी मोजा. एकाऐवजी वेगवेगळ्या क्षारांचे चार-पाच घट ठेवून त्यांच्या प्रतिसादांचा नमुना ओळखणे जास्त आशादायक वाटते. दर वेळी शुद्ध वायूवर परत आल्यावर घट मूळ जागी येतो का, ते बघा. येत नसेल तर तो संवेदक नसून फक्त मात्रा साठवणारी पट्टी आहे, आणि तिचा उपयोग एकदाच.

द्रावणातल्या अमाइनसारख्या पदार्थांसाठी घन घटाच्या मागे लागू नये. रुथेनियमचे तेच संयुग द्रावणात इलेक्ट्रोडवर ट्रायप्रोपिल अमाइनसोबत नारिंगी-लाल उजेड देते. त्या इलेक्ट्रोकेमिल्युमिनेसन्सवर रक्ततपासणीची यंत्रे चालतात. तिथे अमाइन हा क्रियेचाच भाग असतो, त्यामुळे उजेड थेट त्याच्याशी बांधलेला राहतो.

जिवाशी गाठ असलेल्या दोन गोष्टी

टोल्युइन आणि सायक्लोहेक्झॅनोन फ्यूम हूडमध्येच उघडा, फिल्म वाळतानाही. आणि नायट्रोजन: त्याला वास नसतो, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. कॅलिब्रेशनचा वायू तासन्‌तास सुटत असतो. त्याची नळी खोलीत मोकळी सोडू नका, बाहेर किंवा हूडमध्ये न्या आणि बंद खोलीत ऑक्सिजनचा अलार्म लावूनच काम करा.